माशांची पिल्ले जातात कुठे?

भाईंदर पश्चिमेला स्टेशनापासून उत्तनच्या रस्त्याने निघाले की मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे लागतात. त्यांच्या आजूबाजूला आता उंच इमारती झाल्या आहेत. तरीही एखादे गावतळे अजून तग धरून आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रविवारी अशाच एका तळ्याच्या काठी उभा होतो. पाण्याच्या पृष्ठभागालगत सुपाएवढा एक तांबूस पुंजका हलताना दिसला. तो कधी पसरे, कधी आवळे, कधी क्षणभर खाली जाई आणि पुन्हा वर येई. नीट निरखून पाहिले तेव्हा कळले, ती मरळ माशाची पिल्ले होती. एकेक पिल्लू नखाएवढे. त्यांच्या खाली काळ्या सावलीसारखी एक मोठी मरळ राखणीला होती.

माझा विषय पदार्थविज्ञान. माशांशी संबंध बहुतेक ताटापुरताच. पण दिसेल ते मोजण्याची खोड आम्हा मंडळींना असते. मोबाइलवर फोटो काढला, घरी जाऊन त्यावर चौकटी आखल्या आणि चौकटीमागून चौकट पिल्ले मोजली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच केले. आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. तिसऱ्या रविवारी पुंजका म्हणावा असे काही उरलेच नव्हते. पंधरा-वीस पिल्ले कडेच्या गवतात दिसली, तेवढीच. या तीन आठवड्यांत मेलेले एकही पिल्लू पाण्यावर तरंगताना दिसले नाही. मग इतकी पिल्ले गेली कुठे?

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचे? मोठ्यांनी खाल्ली. उत्तर बरोबर आहे. पण कोणी खाल्ली, किती खाल्ली आणि कोणत्या वयात खाल्ली, हे विचारले की उत्तर तितके सोपे राहत नाही. आपल्या नद्यांतले जे मासे नाहीसे होण्याच्या वाटेवर आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे भवितव्य नेमके याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

वर्गातला तळ्याचा खेळ

किरणोत्सर्गाचा पाठ शिकवताना मी वर्गात एक खेळ घेतो. तो तुम्हालाही तुमच्या वर्गात करता येईल. ६० विद्यार्थी उभे राहतात. प्रत्येकाजवळ एक फासा. सर्वांनी एकदम फासा टाकायचा. ज्याला १ पडेल त्याने खाली बसायचे. मग उरलेल्यांनी पुन्हा टाकायचा. अशा दहा फेऱ्या झाल्या की साधारण दहा जण उभे असतात. कोण उभे राहील हे आधी सांगता येत नाही, पण किती उभे राहतील हे बऱ्यापैकी सांगता येते. अणुकेंद्रांचा ऱ्हास असाच होतो, आणि निम्मे उरायला लागणाऱ्या काळाला आपण अर्धायुकाल म्हणतो.

आता नियम थोडा बदला. १ किंवा २ पडले तरी खाली बसायचे. म्हणजे दर फेरीचा धोका दुप्पट झाला. दहा फेऱ्यांनंतर किती उभे असतील? धोका दुप्पट म्हणून दहाच्या निम्मे, म्हणजे पाच, असे बहुतेक मुले सांगतात. प्रत्यक्षात एकच जण उभा असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो! कारण सोपे आहे. पहिल्या खेळात दर फेरीला ५/६ जण टिकतात, म्हणजे दहा फेऱ्यांनी (५/६) चा दहावा घात. दुसऱ्या खेळात ४/६, आणि त्याचा दहावा घात. भागाकार करून पाहा. दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढा येतो.

आता फाशाऐवजी तळे घ्या आणि फेरीऐवजी दिवस. समजा १०,००० पिल्ले अंड्यांतून बाहेर आली, आणि भक्षकांच्या तावडीतून सुटण्याएवढे मोठे व्हायला त्यांना ६० दिवस लागतात. रोज शंभरातली १० मरत असतील, तर ६० दिवसांनंतर १८ उरतात. रोज ८ मरत असतील, तर ६७ उरतात. आणि रोज १२ मरत असतील तर? फक्त ५. रोजच्या मरणाचा आकडा ८ वरून १२ वर गेला, एवढाच फरक. तळ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला तो कधी जाणवणारही नाही. पण शेवटी हाती उरणारी पिल्ले ६७ वरून ५ वर आली.

माशांच्या जोडीने आयुष्यभरात घातलेल्या अंड्यांपैकी सरासरी दोन पिल्ले वाढून पुन्हा अंडी घालण्यापर्यंत पोहोचली, की त्या जातीची संख्या कायम राहते. दोनच पुरेत! त्याहून कमी पोहोचू लागली की जात हळूहळू संपते. एवढ्या मोठ्या संख्येतून दोन उरायचे असल्यामुळे रोजच्या धोक्यातला बारीकसा बदलही जातीला तारू किंवा मारू शकतो.

या गणितात आणखी एक गोष्ट दडली आहे. रोजचा धोका शंभरात १० च ठेवा, पण पिल्ले भरभर वाढून ६० ऐवजी ४० दिवसांतच मोठी झाली असे समजा. मग १८ ऐवजी १४८ उरतात. म्हणून भूक आणि भक्षक यांना वेगळे काढता येत नाही. अर्धपोटी पिल्लू भुकेने मरेलच असे नाही. ते हळू वाढते, जास्त दिवस लहान राहते, आणि तेवढे जास्त दिवस दुसऱ्याच्या तोंडाला लागते. त्याच्या मरणाची नोंद मात्र भक्षकाच्या नावावर होते.

अणुकेंद्र आणि पिल्लू यांच्यात एक मोठा फरकही आहे. अणुकेंद्र म्हातारे होत नाही. आज त्याच्या ऱ्हासाची जितकी शक्यता, तितकीच उद्या. पिल्लाचे तसे नसते. ते रोज वाढते आणि त्याचा धोका रोज कमी होत जातो. म्हणजे सगळा खेळ मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांचा.

लहान असण्याची अडचण

धोका पहिल्या दिवसांतच का जास्त? पिल्लू लहान आणि दुबळे असते हे खरेच, पण नुसते तेवढेच कारण नाही. त्याच्यासाठी पाणीच निराळे असते.

पाण्यात हलणाऱ्या वस्तूवर दोन गोष्टींचा अंमल चालतो. एक तिचे जडत्व, म्हणजे एकदा मिळालेली गती टिकवण्याची प्रवृत्ती. दुसरी पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा. या दोहोंपैकी कोणाची सरशी होते ते रेनॉल्ड्झ अंकावरून कळते. लांबी आणि वेग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला पाण्याच्या शुद्धगतिक श्यानतेने भागायचे. अर्धा मीटर लांबीचा मासा सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर हा अंक सुमारे ५ लाख येतो. त्याला श्यानता जवळपास जाणवतच नाही. शेपटीचा एक फटकारा मारला की तो सुळकन पुढे सरकतो. ८ मिलिमीटर लांबीचे पिल्लू सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने पोहत असेल, तर अंक येतो ८०. शेपटी थांबली की तेही जवळजवळ तिथल्या तिथे थांबते. तुम्हाला मधाने भरलेल्या हौदात पोहायला सोडले, तर तुमची जी गत होईल तशीच काहीशी त्याची असते. त्यात आणखी भर म्हणजे अंगावरून जाणाऱ्या पाण्याची हालचाल ओळखणारी माशाची पार्श्वरेषा या वयात पुरती तयार झालेली नसते. शत्रू आला हे उशिरा कळते, आणि कळले तरी पळणे महाग पडते.

शत्रू मात्र तयारीचा असतो. मोठा मासा पिल्लाचा पाठलाग करीत बसत नाही. तो एकदम जबडा फाकतो. तोंडातली पोकळी क्षणात वाढते, आतला दाब उतरतो आणि बाहेरचे पाणी पिल्लासकट आत ओढले जाते. पिचकारीत पाणी भरताना दट्ट्या मागे ओढल्यावर होते तेच. पिल्लू तोंडाच्या आकारापेक्षा मोठे झाले की ही युक्ती चालत नाही. म्हणून माशाच्या जगात 'मोठा होणे' याचा साधा अर्थ शेजाऱ्याच्या तोंडात न मावण्याएवढा होणे.

आणि भक्षक म्हणजे नुसते मासेच नव्हेत. पावसाळ्यानंतर शेतावर भिरभिरणारे चतुर तुम्ही पाहिले असतील. या चतुराचे बालपण पाण्यात जाते. त्याचे अर्भक तळाशी, पानांच्या आड निपचित बसते. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. पिल्लू टप्प्यात आले की तो ओठ पापणी लवण्याच्या आत बाहेर फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांनी पिल्लू पकडले जाते. पाणविंचू, पाणभुंगे, पाठीवर उताणे पोहणारे किडे हेही त्याच पंगतीतले. मत्स्यबीज केंद्रांत पिल्ले सोडण्यापूर्वी तळ्यातल्या किड्यांचा बंदोबस्त करण्याची एक जुनी रीत आहे. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरायचे. यातले बहुतेक किडे हवेसाठी पृष्ठभागावर येतात. तेलाच्या पातळ थरामुळे त्यांच्या श्वसननळ्या कोंडतात आणि ते गुदमरतात. माशांची पिल्ले कल्ल्यांनी श्वास घेतात, आणि ती तर थर निवळल्यावरच सोडतात. पृष्ठताणाच्या धड्यात हे उदाहरण यायला हवे असे मला नेहमी वाटते.

न दिसणारे मरण मोजायचे कसे?

आता मुख्य अडचण. वाघाने हरीण मारले तर सांगाडा उरतो. माशाने पिल्लू गिळले तर काहीच उरत नाही. भक्षकाचे पोट फाडून पाहावे, तर अंड्यातून नुकतेच निघालेले मऊ पिल्लू काही तासांतच पचून जाते. पोटात सापडले नाही, म्हणजे खाल्ले नाही असे म्हणता येत नाही. अलीकडे पोटातल्या लगद्यातून डीएनए वेगळा काढून तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखता येऊ लागले आहे. त्यामुळे 'कोणी' याचे उत्तर मिळते. 'किती' याचे मात्र इतक्या सहज मिळत नाही.

म्हणून प्रयोग करतात. सारख्या टाक्या घेऊन काहींत पिल्लांबरोबर भक्षक सोडायचे, काहींत नाही. ज्यांत भक्षक नाही त्या टाक्यांतही पिल्ले मरतातच, म्हणून त्या टाक्या हव्यातच; नाही तर सगळे खापर भक्षकावर फुटते. मग काही टाक्यांत पाणवनस्पती ठेवायच्या, काहींत गोटे, काही रिकाम्या. इथे एक चूक विद्यार्थी हमखास करतात. भक्षकाविना रोज शंभरात ९५ पिल्ले टिकतात आणि भक्षकापासून ९० वाचतात, तर दोन्ही मिळून किती टिकतील? मृत्यूंची बेरीज करून ८५ म्हणायचा मोह होतो. पण शक्यतांचा गुणाकार करायचा असतो, आणि उत्तर ८५.५ येते. फरक क्षुल्लक वाटतो. साठ दिवसांचा साठावा घात घेऊन पाहा, म्हणजे तो क्षुल्लक का नाही ते कळेल.

टाकीतली गोष्ट नदीत तशीच घडेल याची हमी नसते. नदीतल्या पिल्लांचे वय मात्र नेमके कळू शकते, आणि ते कळण्याची रीत फार सुरेख आहे. माशाच्या कानात चुनखडीचे बारीक खडे असतात. त्यांना कर्णाश्म म्हणतात. झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षाची वलये असतात तशी यांतही असतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. १९७१ साली जॉर्जिओ पानेल्ला या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्यांत दिवसादिवसाचीही वलये असतात. मोहरीच्या दाण्याहून लहान खडा घासून पातळ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि वलये मोजायची. पिल्लू किती दिवसांचे आहे ते समजते. वलये रुंद असली तर त्या दिवसांत पोट भरलेले होते, दाट असली तर उपासमार. वेगवेगळ्या तारखांना पकडलेल्या पिल्लांची वये मांडली की कोणत्या आठवड्यात संख्या कोसळली ते दिसू लागते. केंद्रात वाढवलेली पिल्ले सोडताना त्यांना टेट्रासायक्लिनच्या द्रावणात काही काळ ठेवतात. ते औषध खड्यात आणि हाडांत उतरते आणि अतिनील प्रकाशात पिवळे चमकते. पुढे कधी तो मासा सापडला तर केंद्रातला कोणता आणि नदीत जन्मलेला कोणता हे सांगता येते.

माशाची एखादी पिढी मोठी की लहान हे बालपणीच ठरते, हा विचार त्याहून जुना आहे. नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी १९१४ साली तो मांडला. खवल्यांवरच्या वलयांवरून वये काढताना त्यांना आढळले की १९०४ साली जन्मलेले हेरिंग मासे पुढे कित्येक वर्षे कोळ्यांच्या जाळ्यांत बहुसंख्येने येत होते. त्या एका वर्षी जास्त पिल्ले तगली, एवढ्यावर नॉर्वेतल्या कोळ्यांची अनेक वर्षे चांगली गेली.

म्हाताऱ्यांचे तळे

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीत रेझरबॅक सकर नावाचा एक देशी मासा आहे. पाठीवर वस्तऱ्याच्या पात्यासारखा उंचवटा असल्यामुळे त्याला हे नाव पडले. या नदीवर १९५० च्या सुमारास डेव्हिस धरण झाले आणि मागे मोहावी नावाचा जलाशय तयार झाला. जलाशयात हे मासे भरपूर होते. दर वसंतात ते अंडी घालत, पिल्ले बाहेर येत. बघणाऱ्याला काळजीचे कारण दिसले नसते. पुढे काही माशांच्या कर्णाश्मांवरून वये काढली, आणि १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. वये निघाली २४ ते ४४ वर्षे! तरुण मासा एकही नव्हता. धरणाच्या सुमारास जन्मलेली पिढी म्हातारी होत चालली होती आणि तिच्यामागे कोणी नव्हते.

पिल्ले जात होती कुठे? जलाशयात बाहेरून आणलेले मासे होते: कार्प, मांजरमासे, बास, सनफिश. गढूळ, पुराच्या नदीत वाढलेल्या सकरच्या पिल्लांना अशा शेजाऱ्यांची सवय नव्हती, आणि पाणी तर आता संथ व स्वच्छ झाले होते. ज्या डबक्यांतून परके मासे काढून टाकले, तिथे तीच पिल्ले व्यवस्थित वाढली. तेव्हा उपाय असा निघाला: रात्री पाण्यात दिवा सोडायचा. पिल्ले उजेडाकडे येतात. ती हलकेच जाळीने उचलायची, भक्षक नसलेल्या तळ्यांत वाढवायची आणि मोठी झाल्यावर जलाशयात सोडायची. किती मोठी झाल्यावर, यावरही पुष्कळ शिकावे लागले. वीतभर मासा आपल्याला मोठा वाटतो. तिथल्या पट्टेवाल्या बासला तो एक घास असतो. सोडण्याची लांबी पुढे वाढवत न्यावी लागली.

लोणावळ्याचे महसीर

आता घराजवळचे उदाहरण. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतला एक मोठ्या खवल्यांचा मासा होता. त्याला त्याने इथलेच 'खुद्री' हे नाव दिले. तोच आपला निळसर परांचा दख्खनी महसीर. इंद्रायणीकाठी देहूला आणि महाडजवळ वाळण कोंडीला श्रद्धेमुळे त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे ते माणसाच्या हातून खातातही. पुणे शहरातल्या मुळा-मुठेची आजची अवस्था मात्र सांगायला नको.

महसीरचे बालपण इतर माशांपेक्षा अवघड असते. रोहू-कटल्याची मादी दर किलो वजनामागे लाखाच्या हिशेबात अंडी घालते. महसीर काही हजारांच्या. रोहूची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, महसीरची फुटायला तीनेक दिवस लागतात. अंडी पिवळसर, जड आणि तळाशी बसणारी असतात. पिल्लू बाहेर आले तरी पोटाशी पीतकाची मोठी पिशवी असते; त्या ओझ्यामुळे त्याला नीट पोहता येत नाही. ते काय करते, तर डोके गोट्यांच्या फटीत खुपसते आणि शेपटी हलवत बसते. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची अंडी आणि पिल्ले बारकाईने पाहिली, आणि १९७० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन केले. डोके लपले म्हणजे सगळे लपले असे मानणाऱ्या या पिल्लाला हसू नका. वाहत्या पाण्यात गोट्यांखाली ही युक्ती चांगली चालते. गोटे-वाळू उपसून नेली, किंवा वरून गाळ येऊन फटी बुजल्या, की ती चालेनाशी होते.

खोपोलीच्या वीजकेंद्राला पाणी पुरवणारे टाटांचे तलाव लोणावळ्याला आहेत. त्यांपैकी वळवणच्या तलावाजवळ १९७० नंतर महसीरचे बीज तयार करण्याचे काम सुरू झाले. पक्व मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यांवर नराचे बीज मिसळायचे आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेंमध्ये ठेवायची. भक्षक नाही, गाळ नाही. आपल्या फाशाच्या खेळात पहिल्या काही फेऱ्या मुलांना खेळायलाच लावल्या नाहीत तर काय होईल? तेच इथे केले जाते. पिल्ले बोटाएवढी झाल्यावर सोडतात. पन्नासहून अधिक वर्षांत अशी लाखो पिल्ले निरनिराळ्या राज्यांतल्या तलावांत आणि नद्यांत गेली. २०११ साली जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला हा मासा नंतरच्या पाहणीत त्या यादीतून वर आला.

गोष्ट इथे संपती तर फार बरे झाले असते. पण ही पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली होती, आणि कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता: पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. तिथे गळ टाकणारे हौशी लोक मासा धरून, वजन करून परत सोडत आणि वहीत नोंद करत. १९९८ ते २०१२ या काळातल्या या वह्या शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निळ्या परांचे महसीर वाढत गेले होते. कुबडाचे महसीर कमी होत गेले होते, आणि त्यांचे सरासरी वजन मात्र वाढत होते.

सरासरी वजन वाढले हे ऐकून एखाद्याला बरे वाटेल. तुम्हाला मात्र मोहावी जलाशय आठवायला हवा. लहान मासे गळाला लागेनासे झाले की सरासरी आपोआप वाढते. शाळेत नवे प्रवेश बंद झाले तर विद्यार्थ्यांची सरासरी उंची दरवर्षी वाढतच जाईल, आणि एक दिवस शाळा रिकामी होईल. या कुबडाच्या महसीरला शास्त्रीय नावसुद्धा २०१८ साली निश्चितपणे मिळाले, आणि त्याच वर्षी तो लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून चढला. एका नदीचा देशी मासा दुसऱ्या नदीत परकाच असतो. लोणावळ्याच्या टाकीतले कौशल्य खरे होते. पिल्ले कुठे सोडायची हा प्रश्न टाकीत सुटण्यासारखा नव्हता.

पुन्हा तळ्याकाठी

आमच्या भाईंदरच्या तळ्यात महसीर नाहीत आणि कधी असण्याचे कारणही नाही. पण दंडई, पिकू, डोकऱ्या, मरळ असे कोकणच्या गोड्या पाण्यातले साधे मासे अशा तळ्यांत असत. आता जाळीत पहिल्यांदा येते ती चिलापी. हा मासा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. म्हणजे सर्वांत धोक्याच्या फेऱ्या तिची पिल्ले आईच्या जबड्यात बसून काढतात. दुसरा येतो गप्पी, डासांच्या अळ्या खाण्यासाठी मुद्दाम सोडलेला. त्याची मादी अंडी घालतच नाही, पोहती पिल्लेच देते. त्याच्याही पहिल्या फेऱ्या चुकल्या. गप्पीला अळी आणि पिल्लू यांत भेद कळत नाही. तोंडात मावेल ते तो खातो. डासांच्या अळ्या खाण्याचे काम आपला पिकूही करतो, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. घरातल्या काचपेटीचा कंटाळा आला की त्यातले मासे 'पुण्य लागेल' म्हणून तळ्यात सोडणारेही मी पाहिले आहेत. त्यांना काय सांगावे हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट पाहिली. पलीकडच्या एका तळ्याच्या काठाला सुशोभीकरणात उभी दगडी भिंत बांधली, फरशी बसवली, गवत आणि लव्हाळे काढून टाकले. तळे स्वच्छ दिसते, फिरायला जागा झाली. मीही तिथे संध्याकाळी जातो. पण पिल्लू लपते ते या काठच्या उथळ, गवताळ पाण्यात. त्याच गवतात चतुराची अर्भकेही बसतात हे खरे. म्हणून गवत किती असावे याचा प्रयोग करण्याजोगा आहे. शाळेत चार जुने पिंप, काही पाणवनस्पती आणि पिकूची पिल्ले असली की तो करता येईल. एका पिंपात भक्षक सोडायचा नाही, हे विसरू नका.

माझ्या तळ्यावर मी सप्टेंबरअखेर पुन्हा गेलो. गणपती विसर्जन होऊन गेले होते, पाणी थोडे गढूळ होते. कडेच्या लव्हाळ्यांत बोटभर लांबीच्या सात मरळी मोजल्या. अंगावरचा तांबूस रंग गेला होता, राखण करणारी मोठी मरळ कुठे दिसली नाही. त्यांपैकी एक बराच वेळ काडीसारखी स्थिर राहिली होती. मग जबडा एकदम उघडला, आणि समोरच्या दंडईच्या पिल्लांतले एक कमी झाले.